न दिलेली दवंडी

तारीख पंधरा दिवसांपूर्वीची टाका आणि खाली सही करा, असं तलाठी वीरधवल भाऊसाहेबांनी सांगितलं आणि मनुबाईनं हातातलं पेन टेबलावर ठेवून दिलं.

कागद दवंडीचा होता. खोडजाईवाडीच्या शिवाराला लागून जे छोटं विमानतळ आहे, त्याची धावपट्टी वाढवायची होती. त्याआधी गावाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, असा नियम. म्हणून आज अकरा वाजता शाळेत सुनावणी. तिची वर्दी पंधरा दिवस आधी कोतवालानं गावभर फिरून द्यायची. एरवी सरकारी काम आणि सहा महिने थांब. पण ही नोटीस काल संध्याकाळी आली आणि सुनावणी घेणारे साहेब आज येणार होते. गावाला पत्ताच नव्हता. शाळेत वीस खुर्च्या मात्र मांडून झाल्या होत्या. कुणी आलं नाही की ‘हरकत नाही’ असं लिहायचं आणि चहा पिऊन निघायचं, इतकं सोपं काम.

मनुबाई गावची कोतवाल. नवरा याच कामावर असताना वारला आणि दवंडीची थाळी तिच्या हातात आली, त्याला एकोणीस वर्षं झाली. पोलिओचे डोस, मतदार यादी, कालव्याचं पाणी, सगळं तिनं ओरडून सांगितलं. आणि खरं सांगायचं तर न सांगताही पुष्कळदा सही केली. कधी पाऊस असे, कधी गुडघे दुखत, कधी भाऊसाहेबांना घाई. कोतवालानं असल्या बाबतीत खळखळ करायची नसते.

सहा वर्षांपूर्वी याच विमानतळाच्या मोजणीच्या दवंडीवरही तिनं अशीच सही ठोकली होती. शेजारच्या अंबूबाईला मोजणीची खबरच लागली नाही. ती त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात भांगलायला गेली आणि विमानतळात गेलेल्या तिच्या पट्टीतली विहीर कागदावर आलीच नाही, तिचे पैसे बुडाले. तक्रार घेऊन कचेरीत गेली, तर तिथं तिला मनुबाईची सही दाखवली. अंबूबाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं बोलणं टाकलं. दोन्ही परड्यांच्या मधे कमरेएवढी भिंत आणि सहा वर्षांचा अबोला. मनुबाईला त्याची फार लाज वाटायची.

“वरून आलंय मावशी,” वीरधवल म्हणाला. पोरगा वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. “दोन वर्षं राहिलीत तुमची. कशाला वाकड्यात शिरता?”

“मी बोंबललेच न्हाई, तर बोंबलले असं कसं लिवू? आत्ता जाते. तुमी तारीख आजची टाका.”

तो काही बोलायच्या आत ती थाळी घेऊन बाहेर पडली. नऊ वाजले होते. गाव निम्म्याहून अधिक रानात गेलेलं. मनुबाई वस्तीवर फिरली, मग बांधाबांधानं निघाली. डोक्यावर शिकाऊ वैमानिकांचं विमान घिरट्या घालत होतं. ते आलं की तिचा आवाज बुडायचा. ती थांबायची, विमानाकडं रागानं बघायची आणि ते लांब गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. अंबूबाईच्या बांधाशी मात्र तिनं तीनदा सांगितलं. मग उसाकडं एकदा बघून पुढं निघाली.

अकराला शाळेत खुर्च्या पुरल्या नाहीत. बायका खुरप्यांसकट आल्या होत्या, माणसं चिखलाच्या पायांनी व्हरांड्यात उभी होती. सरपंच हंबीररावांना सगळं ठाऊक होतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी आले. साहेबांनी एवढी गर्दी बघून आधी भाऊसाहेबांकडं आणि मग घड्याळाकडं बघितलं. रीतसर दवंडी दिली होती ना, असं त्यांनी विचारलं. ते नोंदवावं लागतं. भाऊसाहेब खाली बघू लागले.

मनुबाई दारातून पुढं आली.

“आज नऊला दिली साहेब. पंधरा दिस आदी न्हाई. आन् सा वर्सांमागं मोजणीची बी दिली न्हवती. सही माजीच हाय, पन दवंडी खोटी हुती. ह्येबी लिवा.”

हे कागदावर आलं तर नोकरीवर येईल, असं साहेबांनी हळू आवाजात तिला समजावलं. तिनं तितक्याच हळू आवाजात सांगितलं की येऊ द्या, पण लिहा. मागून कुणीतरी ‘लिवा’ म्हणालं, मग सगळा व्हरांडा म्हणू लागला. साहेबांनी लिहिलं. सुनावणी पुढं ढकलली.

आठ दिवसांत मनुबाईच्या निलंबनाचा कागद आला. तो तिला स्वतःच भाऊसाहेबांकडून घ्यावा लागला, कारण गावात कागद पोचवायला दुसरा कोतवाल नव्हता. वीरधवलचे डोळे भरून आले. तिनंच त्याला चहा करून दिला.

महिन्यानं नवी तारीख पडली. या वेळी दवंडीला भोंगा लावलेली रिक्षा आली. डांबरी रस्त्यानं एक फेरी मारली, एक फोटो काढला आणि गेली. रानात काही ऐकू गेलं नाही. मनुबाई परड्यात भांडी घासत होती. तिनं हात धुतले, थाळी घेतली आणि पायात चपला अडकवल्या. आता तिला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि तिच्या सहीला किंमतही उरली नव्हती.

भिंतीपलीकडं अंबूबाई उभी होती.

“कवा हाय?” तिनं विचारलं.

“सोमवारी. अकराला.”

अंबूबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला.

“हिरीचं मी इसरले न्हाई, मने.”

“व्हय.”

“तू खालच्या रानाला जा. वरल्या आळीला मी सांगते,” असं म्हणून अंबूबाई चालायला लागली.