सदऱ्याच्या आतला बिल्ला

मी बिल्ला बोलतोय. मोठ्यानं बोलायला हवं, कारण अंगावर रुईचा कचरा पडलाय आणि बाहेर यंत्रांची घरघर आहे. तरी ऐका, वेळ फार नाही.

उमरखेडच्या एका दुकानात मला पत्र्यातून कापलं. लाल रंग, मधे पांढरं चाक, खाली कामगार युनियनचं नाव. माझे पहिले मालक जलालभाई, सूतगिरणीतले फिटर. त्यांनी मला खिशावर लावलं, चारचौघांना दिसेल असं. सुपरवायझर आधी मला बघायचा, मग आवाज खाली आणायचा. मी तर पार शेफारून गेलो होतो!

पुढे जुने लोक निवृत्त झाले. नवे आले ते वर्षावर्षाच्या नेमणुकीवर. वर्ष भरलं की साहेबाची मर्जी. जाताना जलालभाईंनी मला रिंगखात्यातल्या, म्हणजे जिथं सूत कातलं जातं तिथल्या, अमरसिंगच्या हातावर ठेवलं.

"घे बेटा. पर लपवू नको. नव्या कायद्यात अर्ध्याच्या वर कामगार युनियनचे दिसले, तं मालकाले बोलाच लागते. कोनी दिसलंच नाही, तं तो कोनासंग बोलन?"

त्याच सुमारास संजयची बोटं यंत्रात गेली. गिरणी म्हणाली, हा आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस. संजय अमरसिंगच्याच तांड्यावरचा. अमरसिंगनं दुसऱ्या दिवशी वर्गणी भरली. पण मला लावलं ते सदऱ्याच्या आतून.

"लपवाचाच हाय, तं लावता कायले?" त्याच्या बायकोनं, रुपीबाईनं विचारलं.

"युनियन पायजे, रुपी. उद्या माही बोटं गेली तं? कायदाबी म्हणते, सभासद होयाचा हक्क हाय."

"कायदा दिल्लीत, अन् गेट इथं. दिवाळीनंतर तुमची नेमणूक सरते. तवा कायदा येईन का चूल पेटवाले?"

तो सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावून कामावर निघाला.

गिरणीत आला की अमरसिंग कामाचे कपडे घाली आणि सदरा खुंटीवर टांगी. तिथं सगळ्यांचे सदरे एकमेकांना चिकटून लटकायचे. पहिल्याच दिवशी शेजारच्या सदऱ्यातून मला काहीतरी टोचलं. पाहतो तर दुसरा बिल्ला! त्याच्या पलीकडे आणखी एक. जवळजवळ अख्ख्या भिंतीवर आम्हीच होतो. आणि ही माणसं भिंतीकडे तोंड करून कपडे बदलत, एकमेकांपासून लपवत. मला हसावं की रडावं कळेना.

मग खंडेनवमी आली. यंत्रं बंद झाली, पुसली गेली, झेंडूच्या माळा चढल्या. काम नसल्यानं त्या दिवशी सगळे आपापल्या सदऱ्यातच होते. अमरसिंगनं गुपचूप मला काढून फुलांखाली ठेवलं. "माहा आजा बैलाच्या पाठीवरच्या मालाच्या गोनीले पूजे. ज्याच्यावर पोट, त्याले हळदकुंकू," तो पुटपुटला. त्या घटकेला मी किती सुखावलो! पण नारळ फुटला, प्रसादाची गर्दी झाली, आणि मला उचलायचं राहून गेलं.

सुपरवायझरनं माळ सारखी करताना मी खणकन खाली पडलो.

"हा कोणाचा?"

अमरसिंगचा हात आपसूक छातीवर गेला. मान खाली गेली. "मले नाई मालूम, साहेब."

शेजारचा म्हणाला, "मले नाई." त्याच्या पुढचा म्हणाला, "मले नाई." सगळ्यांचे हात छातीवर. सुपरवायझरला वाटलं, देवाला नमस्कार चाललाय.

"म्हणजे इथं युनियनचं कोणीच नाही. वर तसंच कळवतो," तो म्हणाला, आणि मला कचऱ्याच्या पोत्यात टाकलं.

सुट्टी संपून आज यंत्रं पुन्हा सुरू झाली. मघाशी अमरसिंग आला होता. रुईत हात घालून चाचपत होता, तोंडानं "माफ कर, संजय" म्हणत होता. पावलं वाजली आणि हात निघून गेला. आता पोत्याचं तोंड शिवताहेत. मला राग नाही रे, नुसता जीव तुटतो.

अमरसिंग, मला शोधू नकोस. उद्या सदरा टांगशील, तेव्हा एवढंच कर. शेजारच्या सदऱ्याला हात लावून बघ.