खाणीच्या डाव्या भिंतीतलं दार

घुर्र झालं आणि मी झटकन टीव्हीकडे वळले.

फ्रिजच होता. ठकी नुकतीच झोपली होती, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या, घर इतकं गप्प की आपलाच श्वास मोठा वाटावा. आणि नेमकी तेव्हाच मेली ती मोटर सुरू झाली. टीव्हीवरचं चित्र एकदा थरथरलं, वरच्या कडेला पांढरी रेघ उमटली, आणि गेली. खेळातला कंदीलवाला जागच्या जागी होता. एक पाय उचललेला, कंदील पुढे धरलेला, दात ओठ खाऊन उभा.

त्याला मी सकाळपासून मधे मधे असंच ताटकळत ठेवत होते. हा खेळ मधे थांबवता येतो, पण साठवून ठेवता येत नाही. वायर हलली, कुणाचा पाय अडकला, वीज गेली, की पुन्हा पहिल्या मजल्यापासून खाणीत उतरायचं. आम्ही लहान असताना सगळेच खेळ असे होते आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, कारण अख्खा दिवस आपलाच असायचा. आता माझा दिवस म्हणजे ठकीच्या पापण्या जड होतात तेवढा. म्हणून नवरा कामाला गेल्या गेल्या मी सुरुवात केली होती आणि तुकड्या तुकड्याने खाली चालले होते. थोडी खाण, मग ठकीची आंघोळ. थोडी खाण, मग कपड्यांच्या घड्या. खेळाच्या यंत्राच्या तापलेल्या अडॅप्टरकडे तोंड करून टेबलफॅन लावला होता. तो सल्ला डॉक्टरीणबाईंचा. त्या घड्याळं दुरुस्त करतात, पण जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांना कथलाचा डाग देऊन उठवून बसवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, म्हणून आम्ही त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतो.

आम्ही म्हणजे तिघं. तिसरे हेडमास्तर. ते शाळेत नाहीत, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. पण आमच्या लिखाणातल्या चुकाही तशाच तपासतात, एक डोळा झाकून. आम्ही तिघं मिळून जुन्या खेळांचं एक गाईड काढतोय. हातांनी काढलेले नकाशे, कुठे उडी मारायची, कुठे थांबायचं, कुठली भिंत खोटी. छापूनही आम्हीच घेतो, म्हणजे प्रकाशक वगैरे कुणी नाही. "लहानपणी गाईड वाचतो म्हणून मार खाल्ला," हेडमास्तर म्हणतात, "आता गाईड लिहिल्याशिवाय माझा आत्मा शांत होणार नाही."

पुस्तकाचा नियम एकच. ऐकीव काही छापायचं नाही. आमच्यापैकी दोघांनी डोळ्यांनी पाहिलं असेल तेच पानावर जाईल. नियम चांगला आहे, मीच सुचवला होता. आणि आता त्यानेच माझी मान धरली होती. कारण कंदीलवाल्याच्या प्रकरणात मी लिहिलं होतं की खाणीच्या तळाशी, माणसं खाली नेणारा पाळणा थांबतो तिथे, डाव्या भिंतीत एक दार आहे. हेडमास्तरांनी तिथली वीट न् वीट ठोकून पाहिली. डॉक्टरीणबाईंनी पाहिली. दार नाही.

"बाई, भिंत आहे ती. भरीव," हेडमास्तर म्हणाले होते. "तुम्ही दुसऱ्याच कुठल्या खेळातलं सांगताय."

"मी पाहिलंय."

"कधी?"

"सात वर्षांची असताना."

"मग तेव्हा तुम्हाला पऱ्याही दिसत असतील."

माझ्याबरोबर ते पाहिलेला माणूस म्हणजे माझा मावसभाऊ, दादा. खेळाची कॅसेट त्याची, टीव्ही मावशीचा. त्याला मुद्दाम फोन केला. तो आता मोठ्या कंपनीत मोठ्या खुर्चीवर बसतो. हसला आणि म्हणाला, "अगं वेडे, दारबिर काही नव्हतं. तू खेळता खेळता पेंगायचीस. स्वप्नात पाहिलं असशील." वर ती कॅसेट मात्र पाठवून दिली, "घे, तुझं स्वप्न" अशी चिठ्ठी लावून.

ते मला लागलं. एरवी लागलं नसतं, पण ठकी झाल्यापासून मला सगळे हेच सांगतात. झोप झाली नाही म्हणून असं वाटतंय तुला. दमलीस म्हणून विसरलीस. मी गॅस बंद केला होता का, डॉक्टर काय म्हणाले होते, माझंच मला खात्रीने सांगता येत नाही. पण ते दार मी पाहिलं होतं. दोघं किंचाळलो होतो, मावशी धावत आली होती. हे एक जर मी स्वप्नात पाहिलं असेल, तर मग माझं माझ्यापाशी खात्रीचं उरलं काय?

पानं आज छापखान्यात द्यायची होती. हेडमास्तरांनी शेवटचं सांगून टाकलं होतं: छापखाना बंद व्हायच्या आत दार दाखवा, नाहीतर त्या जागी कंदीलवाल्याचं मोठं चित्र टाकतो. चित्र सुरेख होतं. त्याचा मला रागच येत होता.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "अगं, इस्त्री लावू का?"

"नको हो आई. त्याच बोर्डावर आहे सगळं. संध्याकाळी मी करते."

"संध्याकाळी काय, हा तुझा बाहुला रिटायर होणार आहे?" त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "सकाळपासून एका पायावर उभा आहे बिचारा. खायला घातलंस का त्याला?"

"आई, हळू. ठकी."

"मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्यासाठी कुणी पंखा लावून ठेवला नाही," त्या पुटपुटल्या. आणि जाता जाता जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची अलगद उचलून बोर्डासमोर ठेवून गेल्या, कुणाचा पाय वायरीत अडकू नये म्हणून.

मी मोबाईल उशीला टेकवून उभा केला आणि हेडमास्तरांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी त्यांचं कपाळ आलं, मग दुकान.

"पोचलात का तळाला?"

"शेवटचा पाळणा आहे. किती जीव आहेत ते विचारू नका."

"एक?"

"एक."

"बाई!" मग मान वळवून, "नाही आजी, तुम्हाला नाही म्हणालो. तुम्ही खालची ओळ वाचा. अक्षर दिसत नसेल तर नाही म्हणा, अंदाज नको."

मी पॉज काढला. कंदीलवाल्याने अखेर तो उचललेला पाय खाली टेकवला आणि पाळण्यात चढला. पाळणा करकरत उतरू लागला. तळ आला, पाळणा धाडकन थांबला, मी डावा बाण दाबून धरला. भिंत. उडी मारली. भिंत. परत वर नेलं, परत उतरले. भिंत. या तळावर अंधारात वटवाघळं असतात. कंदील पेटता असेल तोवर ती लांब राहतात, म्हणून इथे कुणी कंदिलाच्या बटणाला हात लावत नाही. डाव्या बाणावर अंगठा इतका रुतवला की नखाखाली दुखायला लागलं.

"बस झालं आता," हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले. त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "चूक होते. मीही एकदा..."

"अजून एकदा."

"तेलही संपत आलंय त्याचं."

"दिसतंय मला. अजून एकदा."

मी पाळणा वर घेतला. आणि मागून मांडीवर ऊबदार ओझं आलं. ठकी उठली होती. रडली नाही, हाक मारली नाही. केस डोळ्यांवर, गालावर उशीची घडी उमटलेली, सरळ माझ्या मांडीत येऊन बसली आणि खेळाच्या रिमोटला हात घातला.

"मला पण."

"नको राणी. एक मिनिट. आईचं महत्त्वाचं काम आहे."

"मला पण धलायचं. अल्धं."

अर्धं.

मी रिमोट वर उचलणार होते, तिच्या हाताला लागणार नाही इतका उंच. उचलला नाही. कारण मावशीच्या घरात दुसरा रिमोट नव्हताच. असलेल्या एकावर दोघांची भांडणं, म्हणून मावशीने तोडगा काढला होता: अर्धा अर्धा धरा. दादाकडे डावी बाजू, बाण. माझ्याकडे उजवी, दोन बटणं. तो चालवायचा, मी उडी मारायची आणि कंदील सांभाळायचा. बाण मला कधीच मिळाले नाहीत. आणि ते मिळत नाहीत म्हणून मी काय काय केलं असेल! तो ऐन रंगात आला की मी मुद्दाम नको ते बटण दाबायची. तो ओरडायचा, "आई, ही बघ ना!"

दार उघडलं तेव्हा त्याने काय केलं तेवढंच मी इतकी वर्षं आठवत बसले होते. माझे हात मी पाहिलेच नव्हते.

"हेडमास्तर, फोन नीट धरा."

"का? काय करताय?"

"मी उजवी बाजू ठकीला देतेय."

"अहो, एकच जीव आहे! सकाळपासून... बाई, ती चार वर्षांचीसुद्धा नाही!"

"म्हणूनच."

मी रिमोट आमच्या दोघींच्या मधे धरला. तिचे दोन्ही अंगठे एका बाजूला, माझा एक दुसऱ्या बाजूला. तिच्या केसांना झोपेचा वास येत होता.

"काय दाबू?"

"तुला वाटेल ते. पाळणा धाडकन झाला ना, की दाब."

"सगळं?"

"सगळं."

पाळणा उतरायला लागला. ठकीने श्वास धरून ठेवला, गाल फुगवून. मागे सासूबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. दुकानातली आजी विचारत होती, "झालं का हो?" आणि हेडमास्तर तिला म्हणत होते, "एक मिनिट, एक मिनिट."

धाडकन.

मी डावा बाण दाबला. ठकीने तिच्याकडचं सगळं दाबलं. कंदील विझला, माणूस अंधारात उडाला, आणि पडदा काळा झाला. वटवाघळांचा आवाज आला, अगदी जवळून. गेलं, मी म्हटलं. मनात म्हटलं की मोठ्याने, ठाऊक नाही. पण बाणावरचा अंगठा काढला नाही.

भिंतीच्या विटा एकेक करून बाजूला झाल्या.

मी किंचाळले. ठकीही किंचाळली, मी किंचाळले म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, दार!" आणि फोनमधून काही पडल्याचा, बहुतेक चष्म्यांच्या खोक्याचा, आवाज आला.

"दिसलं का? हेडमास्तर, दिसलं?"

"हलू नका! फोटो घेतोय. हलू नका कुणी!" मग म्हणाले, "तळाला कंदील कोण विझवेल हो? कुठला शहाणा माणूस विझवेल?"

"शहाणा नाहीच विझवणार. भांडणारा विझवेल."

"तेच लिहा. जसंच्या तसं. तुम्ही पाहिलंत, मी पाहिलं, नियम पूर्ण. ते चित्र काढून टाकतो." त्यांनी चष्मा काढून पुसला, स्वतःचा. "आता आत जा. आत काय आहे ते पण लागेल. 'काय मिळतं' हा रकाना मोकळा ठेवता येणार नाही."

आत मी कधी गेलेच नव्हते. मावशी तेव्हा धावत आली ती दिवा, टीव्ही सगळं बंद करूनच थांबली होती. दादाला तेवढी बसलेली बोलणी आठवत असतील, दार नाही. मी कंदीलवाल्याला आत नेलं. कंदील आपोआप पेटला.

एक छोटी खोली. करड्या विटा. एक स्टूल. वटवाघळं नाहीत, सोनं नाही, गाणंसुद्धा नाही. मी स्टुलावर चढून पाहिलं, उतरून पाहिलं, प्रत्येक कोपऱ्यात उडी मारली. वरचे गुण हलले नाहीत. आलो त्याच दाराने बाहेर जायचं, एवढंच.

"काय आहे?" हेडमास्तरांनी विचारलं. "काय मिळालं?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"रिकामी खोली आहे. बसायला स्टूल आहे."

मला राहून राहून हसू येत होतं, आणि डोळेही भरत होते, आणि एकीकडे मी पेन शोधत होते, कारण छापखाना कुणासाठी थांबत नाही. 'काय मिळतं' याच्यापुढे पेन टेकवलं. स्टूल, असं लिहिलं. खोडलं नाही.

कोण बसलं असेल ते करायला? दूर कुठेतरी, आपलं काम उरकून, साहेबाची नजर चुकवून, खेळ बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी वीट वीट मांडून ही खोली केली असणार. कुणाला सांगितलंही नसेल.

ठकी अजून तिचं अर्धं सोडायला तयार नव्हती. ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन, मान वाकडी करून त्या खोलीत बघत होती. रिमोटची वायर तिच्यामागे ताणली गेली, मी ती धरून ठेवली.

"आई, इथे कुणी येऊ नये ना?"

"हो गं. लपवलेली खोली आहे ती."

तिने विचार केला. मग माझ्याकडे वळली.

"मग दाल कशाला केलं?"