पाचवं वाक्य

काशिनाथ पाटलांच्या केळीच्या मळ्यात सकाळी आठलाच निम्मं गाव लोटलं होतं. कापूस वेचायचा सोडून बाया आल्या होत्या. विहिरीजवळ तापीनाथ महाराज उभे होते. अंगावर भगवी शाल, हातात चिमटा, पायात मात्र नवेकोरे स्पोर्ट्स शूज. शेजारी त्यांचा चेला विपुल मोबाईलमध्ये डोकं घालून उभा होता.

"यंत्र में मंत्र, मंत्र में तंत्र, और तंत्र में हम!" महाराज गरजले. "बोल माय, बोल!"

चिमटा वर गेला आणि कुणी हात न लावता विहिरीवरची मोटार सुरू झाली. शेजारच्या मळ्यातली झाली, तिच्या पलीकडचीही झाली. मग मोटारीवरच्या हिरव्या पेटीतून एका बाईचा, महाराजांच्या म्हणण्याप्रमाणे देवीचा, घोगरा आवाज आला, "गावात डाकीण आहे. शेवग्याखालच्या घरात आहे."

शेवग्याखालचं घर गावात एकच होतं, भागाबाईचं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिने शेजारी उभ्या लेकीचा, तृप्तीचा, हात घट्ट धरला.

"व माय, मी काय केलं?"

"दुपारी चारला इथून राजघाटावर न्या," महाराजांनी फर्मान सोडलं. "तापीत बुडवून धरा. डाकीण निघेपर्यंत सोडू नका."

"महाराज बोलले ते पत्थर की लकीर," काशिनाथ पाटील म्हणाले. पाटलांची माणसं भागाबाईच्या दाराशी जाऊन बसली.

तृप्ती घाबरली होती. शिकलेल्या माणसाला भीती वाटत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी अशा गर्दीत एकदा आईचा हात धरून उभं राहावं. पण तृप्तीला एक गोष्ट ठाऊक होती. मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणाऱ्या या पेट्या बुऱ्हाणपूरच्या ज्या लहानशा कंपनीने बसवल्या, तिथेच ती नोकरीला होती. पेटीत चारच वाक्यं होती: पाणी सुरू झालं, पाणी बंद झालं, वीज गेली, वीज आली. चारही तिने स्वतः बोलून भरली होती. पाचवं आलं कुठून?

तिने स्कूटर काढली आणि कंपनीचं लोधीपुऱ्यातलं ऑफिस गाठलं.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर अजून खंडेनवमीच्या पूजेचं हळदीकुंकू होतं, वर झेंडूची सुकलेली माळ. कंपनीने बसवलेल्या चाळीसही पेट्यांना नवा प्रोग्रॅम एकाच वेळी धाडणारं सॉफ्टवेअर त्याच्यावर चाले. तृप्तीने पाठवणीची यादी उघडली. सकाळी सात पन्नासला चाळीस पेट्यांना नवा प्रोग्रॅम गेला होता. महाराजांचा चिमटा आठ वाजता वर गेला होता.

"कुणी पाठवला?" तिने मालकाला, महेशला, विचारलं.

"मी तर नाही," महेश म्हणाला. त्याने जुने मेल चाळले आणि खुर्चीत बसला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा मेल खंडेनवमीच्या सकाळीच आला होता. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं आहे, पासवर्डशिवाय कुणीही आत शिरू शकतं, दुरुस्ती आजच बसवा, असं त्यात लिहिलं होतं.

"मी बसवायलाच निघालो होतो," महेश हळूच म्हणाला. "तू म्हणालीस, पूजा मांडली आहे, आज हत्याराला हात लावू नका."

तृप्ती तसंच म्हणाली होती. नवमीनंतर दसरा, मग सुट्ट्या, आणि मेल तळाला गेला. बारा दिवस दार सताड उघडं होतं आणि दारावर झेंडूची माळ होती.

"अब क्या? गुपचूप बुजवू," महेश म्हणाला. "गवगवा झाला तर एक शेतकरी पेटी ठेवणार नाही."

"गुपचूप बुजवलं तर पेट्या गप्प होतील. डाकिणीने देवीचं तोंड दाबलं म्हणतील. माझी आई मरेल, महेशभाऊ."

तिने आधी तो कॉम्प्युटर इंटरनेटवरून तोडला, मग दुरुस्ती बसवली. सगळे पासवर्ड आणि किल्ल्या बदलल्या. आपल्या मोबाईलशिवाय आणि ऑफिसशिवाय बाहेरच्या कुणाला तिथवर पोचताच येणार नाही असं केलं. पेट्यांत जुना, स्वच्छ प्रोग्रॅम परत भरला. यापुढे कंपनीची मोहर नसलेला प्रोग्रॅम पेटीने घ्यायचाच नाही, आणि एकाने धाडलेला दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय जायचा नाही, असा नियम घातला. दुसरा म्हणजे महेश. तिने धाडलेलं तो मंजूर करणार का, हे विचारायची तिला हिंमत झाली नाही.

ती पोचली तेव्हा चार वाजत आले होते. भागाबाईला विहिरीजवळ उभं केलं होतं, मनगटं सुतळीने बांधलेली.

"बोल माय, बोल!" चिमटा वर गेला. मोटार ढिम्म. विपुलची बोटं मोबाईलवर भराभर फिरत होती. पुन्हा चिमटा, पुन्हा तेच.

"डाकिणीने देवीचं तोंड दाबलं!" महाराज ओरडले. गर्दी पुढे सरकली. कुणीतरी भागाबाईचे केस धरले.

तृप्ती पाटलांपुढे जाऊन उभी राहिली. तिने मोबाईल त्यांच्या तोंडापुढे धरला. "काका, यात एक वाक्य बोला. मग न्या आईला."

"काय बोलू? पोरी, मला भ्या वाटते," पाटील म्हणाले.

तेवढं पुरे होतं. तिने ते धाडलं. पडद्यावर अक्षरं आली: महेशची मंजुरी बाकी. एक मिनिट गेलं, दोन गेली. भागाबाईला बांधापर्यंत ओढत नेलं होतं. तृप्तीला वाटलं, संपलं.

आणि पेटी बोलली. मग पलीकडची, मग साऱ्या शिवारातल्या पेट्या, पाटलांच्याच आवाजात: "पोरी, मला भ्या वाटते."

भागाबाईला ओढणारी माणसं थांबून पाटलांकडे वळली.

"काकांच्या अंगात देवी आली का?" तृप्तीने विचारलं. "आत्ताच ते तुमच्यासमोर या मोबाईलमध्ये बोलले. महाराजांचा विपुल असंच धाडत होता. त्याला दार उघडं सापडलं, कारण ते मी उघडं ठेवलं. बंद करा असा निरोप आला होता. मी म्हणाले, पूजा आहे, हात लावू नका. चूक माझी आहे. पूजेने कुलूप लागत नाही, ते आपल्यालाच लावावं लागतं. यंत्र काही वेगळं बोललं तर हात जोडू नका, त्यात हे कुणी भरलं ते विचारा."

विपुल पळाला, पण बांधावरच सापडला. मोबाईलमध्ये त्या घोगऱ्या बाईचे अकरा निरोप होते. उद्याच्या निरोपात पाटलांच्या सुनेचं नाव होतं. पोलीस येईपर्यंत महाराजांना केळीच्या खोडाला टेकवून बसवलं.

तृप्तीने आईची सुतळी सोडली. भागाबाईने मनगट चोळलं आणि गर्दीकडे पाहिलं. तीस वर्षांचे शेजारी होते सगळे.

"पेटीत त्या पोरानं भरलं, समजलं मला," ती म्हणाली. "तुमच्यात कोनी भरलं होतं?"

ती लेकीचा हात धरून घराकडे चालू लागली, आणि माणसं बाजूला होऊन वाट देत गेली.