ब्रेकला पाय लावला की येत नाही

पिकअप चौथ्यांदा फाटकातून आत आली तेव्हा मिस्त्री दुसऱ्याच एका गाडीखाली आडवा पडला होता. नुसत्या चाकांवरून त्याने तिला ओळखलं. क्षणभर त्याला वाटलं, असंच निपचित पडून राहावं, बाई कंटाळून निघून जाईल. पण ही बाई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण होती, आणि ती कंटाळून कुठून निघून गेल्याचं गेल्या पन्नास वर्षांत कुणी पाहिलेलं नव्हतं.

"धाकट्या, बाहेर ये. पाय दिसतायत तुझे."

तो बाहेर आला. ताई कमरेवर हात ठेवून उभी होती. हौद्यात अंड्यांचे रिकामे ट्रे दोरीने आवळून बांधलेले होते. टेकडीवरच्या पोल्ट्रीतून पहाटे अंडी भरायची, उताराने खाली आणायची, दुकानादुकानांत टाकायची आणि अकराच्या आत मोकळं व्हायचं, हा तिचा अठरा वर्षांचा धंदा. गाडीही जवळजवळ तेवढ्याच वयाची.

"आवाज येतोय," ती म्हणाली.

"अंडी फुटतायत का?"

"अंडी नाही फुटत. डोकं फुटतंय माझं."

समोरच्या टायरवाल्याने ट्यूब पाण्यात बुचकळता बुचकळता हाक दिली, "ताई, सारखे हेलपाटे घालण्यापेक्षा इथेच बिऱ्हाड करा की." मिस्त्रीने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो मुकाट्याने बुडबुडे शोधायला लागला.

मिस्त्रीचा राग नाकावर असायचा हे खरं, पण या रागाचं मूळ वेगळं होतं. लोक त्याला कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याचं सगळं गाणं गाड्यांचं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून, हातातला चहाचा कप खाली न ठेवता, "याचं मागचं डावं बेअरिंग चाललंय," असं तो सांगायचा आणि आठवड्याभरात ती गाडी डावं बेअरिंग घेऊन त्याच्याच दारात यायची. मोठाल्या गॅरेजांतल्या कारागिरांना तो पार्टबदलू म्हणायचा. अंदाजपंचे दाहोदरसे एक पार्ट बदलायचा, नाही जमलं तर दुसरा. त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर त्याने स्वतः रंगवून ठेवलं होतं: गिऱ्हाईकाने आजार सांगावा, औषध सांगू नये. आवाज येतो एवढंच बोलायचं. कुठून येतो, कधी येतो, ते शोधायला कानसेन बसलाय. चाचणीला तो एकटाच जायचा. काचा वर, रेडिओ बंद, शेजारी कुणी नको. बोलणारी माणसं आवाज झाकतात, असं त्याचं म्हणणं होतं.

आणि हा कान आता जात चालला होता.

त्याला ते कळलं होतं पाखरांवरून. "समोरच्या झाडावरची पाखरं कुठे गेली गं?" असं त्याने एका सकाळी बायकोला विचारलं, तर ती हातातलं फडकं तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिली. झाडावर कलकलाट चालला होता. त्या दिवसापासून त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. जाडजूड आवाज त्याला ऐकू येत होते, इंजिनाची घरघर येत होती, माणसांची बोलणी येत होती. बारीक, टोकदार असं जे काही असेल ते मात्र कुठेतरी वाटेतच गळून पडत होतं. कानसेनाचा कान गेला म्हटल्यावर मागे उरतो कोण? पार्टबदलू. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, डॉक्टरला तर नाहीच.

तीन आठवड्यांपूर्वी ताई पहिल्यांदा आली तेव्हा पुढून धाड्धाड् आवाज येत होता. तो त्याला व्यवस्थित ऐकू आला. डाव्या चाकाचा खालचा बॉल जॉइंट खिळखिळा झाला होता. चाक काढलं, ब्रेक बाजूला केला, जॉइंट बदलला, विषय संपला. आठ दिवसांनी ती परत आली. "तो गेला, आता दुसराच येतोय. टक, टक." मिस्त्रीने चक्कर मारली. काही नाही. पण नाही कसं म्हणायचं? त्याने दोन्ही लिंक रॉड बदलले. चार दिवसांनी पुन्हा टक, टक. खाली झोपून स्टॅबिलायझरचे रबरी बुश बदलले. टॉमीचा लोखंडी दांडा घालून सगळे सांधे उचकटून पाहिले. कुठे केसभर सुद्धा ढिलाई नाही. बहिणीकडून मजुरी घ्यायचा प्रश्न नव्हता, पण आपण नेमकं कोणतं काम करतोय ते त्याला कळत होतं, आणि ज्याला ते कळतं त्याला रात्रीचा भात गोड लागत नाही.

"किल्ली दे," तो म्हणाला. "बघून येतो."

"धाकट्या, मी सांगते ते ऐक जरा. मी जेव्हा—"

"भिंतीवर काय लिहिलंय?"

"भिंतीला काय कळतंय? गाडी मी चालवते."

पण तोवर त्याने गाडीत बसून काच वर केली होती. मागच्या गल्लीत शंभरेक पावलांचा एक तुकडा होता, दगड वर आलेला, डांबर उखडलेला. पंचवीस वर्षं तो याच तुकड्यावरून गाड्या नेत होता. नगरपालिकेने तो दुरुस्त करू नये म्हणून तो मनातल्या मनात हात जोडायचा. पिकअप त्यावरून गेली. गदगद, खडखड, ट्रेंचं कुईकुई, सगळं होतं. टक नव्हता. त्याने मान खाली घातली, डावा कान दाराला लावला, उजवा लावला. पुन्हा एकदा तिथूनच फिरला. मग गाडी थांबवून तो दोन मिनिटं नुसताच बसून राहिला, कारण परत जाऊन काय सांगायचं ते ठरत नव्हतं.

"काही नाही," आल्यावर तो म्हणाला. "गाडी अठरा वर्षांची आहे. म्हातारं माणूस उठताबसता कण्हतं, तशातला प्रकार."

"मी साठ वर्षांची आहे. मी टक करते का?"

"ताई, तुझ्या डोक्यात बसलाय तो आवाज. पहिला गेला, पण तुझी सवय गेली नाही."

हे बोलल्या बोलल्या त्याला स्वतःची लाज वाटली. ताईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, पदर खोचला, आणि ती पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसली. "बस शेजारी."

"मी चाचणीला कुणाला—"

"चाचणी तुझी नाही, माझी आहे. गाडी माझी, डिझेल माझं. बस."

टायरवाला बघत होता. मिस्त्री बसला. शेजारच्या सीटवर बसायची सवय नसल्यामुळे त्याला गुडघे कुठे ठेवावेत ते कळेना. ताईने गल्ली धरली. उखडलेला तुकडा आला, पुढची चाकं दगडांवर चढली, उतरली, पुन्हा चढली.

"आला?" ताईने विचारलं.

त्याला काही म्हणता काही ऐकू आलं नव्हतं. पण किती वेळा नाही म्हणायचं? वीट आला होता त्याला या आवाजाचा, या गाडीचा, आणि खरं सांगायचं तर स्वतःचा. "हो," तो म्हणाला. "आला की. आत्ता आला."

ताईने गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला.

"आता नव्हता आला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मी ब्रेकला हलकासा पाय लावून ठेवला होता. ब्रेकला पाय लावला की येत नाही तो. पाय काढला की येतो. दुसऱ्या खेपेपासून हेच सांगायचा प्रयत्न करतेय, पण तुझी ती भिंत मध्ये येते."

मिस्त्री समोरच्या काचेकडे बघत राहिला. आपण पकडले गेलो, हे त्याला कळलं. पण पंचवीस वर्षांचा मिस्त्री आत बसलेला होता, तो या लाजेसाठी थांबला नाही. ब्रेकला पाय लावला की येत नाही. बॉल जॉइंट, बुश, लिंक यांना ब्रेकशी काय देणंघेणं? पाय दाबला की गप्प बसते अशी वस्तू चाकापाशी एकच असते. ब्रेकचे पॅड पोटात धरून दोन बोल्टांवर बसलेला कॅलिपर. आणि डाव्या बाजूचा कॅलिपर त्या पहिल्या दिवशी त्याने स्वतःच्या हातांनी काढून बाजूला टांगला होता.

"गाडी वळव," तो म्हणाला. "आणि हळू चालव. अगदी हळू."

"काय झालं?"

"तू चालव."

गॅरेजात आल्यावर त्याने जॅक लावला आणि डावं चाक काढलं. नट सोडताना पान्हा दोनदा निसटला. चाक बाजूला झालं आणि त्याने कॅलिपर धरून नुसता हलवला. तो हलला. वरचा बोल्ट घट्ट होता. खालचा जवळजवळ बोटभर बाहेर आला होता; दोन आटे धरून कसाबसा लटकत होता.

मिस्त्रीची एक पद्धत होती. कसलेल्या प्रत्येक बोल्टवर तो पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे याच्यावर माझा हात फिरलाय. वरच्या बोल्टवर ठिपका होता. खालच्यावर नव्हता. त्याला तो दिवसच आठवला: बोल्ट हाताने दोन-तीन फेरे लावला होता, मागे कुणीतरी बिल मागायला येऊन उभा राहिला, तो उठला, आणि परत येऊन त्याने सरळ चाक चढवलं. त्यानंतरच्या दोन्ही खेपांत त्याने गाडी खालून पाहिली, चाक काढलंच नाही. कान शाबूत असता तर पहिला टक ऐकताच त्याने चाक काढलं असतं. निदान भिंतीवर ते वाक्य नसतं आणि ताईचं ऐकलं असतं, तरी काढलं असतं.

आणि तीन आठवडे ही बाई रोज पहाटे टेकडीच्या उतारावरून, हौदा भरून, या दोन आट्यांच्या भरवशावर खाली येत होती. तो तिथेच जमिनीवर बसला.

ताई मागे उभी होती. तिला बोल्ट दिसत होता, पण त्याचा अर्थ कळत नव्हता. आता नुसता पान्हा फिरवून, ठिपका देऊन, "सापडला, बारीकसं होतं काहीतरी," असं म्हणता आलं असतं. हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. चांगला पाच-सात श्वास घेईपर्यंत होता.

"ताई, हा बोल्ट मी कसायचा विसरलो होतो," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. हा पडला असता तर ब्रेक गेला असता. उतारावर."

ताईने त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. फार जोरात नाही, पण लागेल अशी.

"आता नीट कस," ती म्हणाली.

त्याने तो बोल्ट काढून पुसला, आटे तपासले, नवा आणून लावला, मोजून कसला, हाताने पुन्हा पाहिला आणि ठिपका दिला. मग उजवं चाकही काढलं, तिथलेही पाहिले. चाकं चढवली. आणि किल्ली घेऊन तो गाडीत बसायला गेला तेव्हा ताई आधीच शेजारच्या सीटवर बसलेली होती. त्याने तिला उतर म्हटलं नाही.

गल्ली आली, तुकडा आला. त्याने पाय ब्रेकपासून लांब ठेवला. दगडांवरून जाताना तो समोर न बघता अर्धा वेळ तिच्याच तोंडाकडे बघत होता.

"येतोय का गं?"

"नाही."

"नक्की?"

"नाही येत. गेला."

तो तुकडा संपवून सरळ रस्त्याला लागला. पाठीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं आणि, बऱ्याच दिवसांनी, थोडं हसूही आलं. "अजून काही ऐकू येतंय का तुला?" त्याने गमतीत विचारलं.

"येतंय."

त्याचं हसू जागच्या जागी विरलं. "काय? कुठून?"

"इंडिकेटर. गल्लीच्या कोपऱ्यापासून चालू आहे. टिकटिक, टिकटिक. मागचा स्कूटरवाला केव्हाचा शिव्या देतोय."

त्याने खाली पाहिलं. डॅशबोर्डवर हिरवा बाण उघडमीट करत होता. त्याने दांडी सरळ केली. मग गाडी कडेला घेतली, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला. मागचा स्कूटरवाला काहीतरी बोलत पुढे निघून गेला.

"मला ऐकू आला नाही," तो म्हणाला. आजवर हे वाक्य त्याने स्वतःपाशीही कधी म्हटलेलं नव्हतं. "ताई, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. वर्ष होऊन गेलं."

"तू मघाशी नसलेला टक ऐकलास, तेव्हाच कळलं मला," ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच करडा होता, पण तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला होता आणि तो काढला नाही. "उद्या अंडी टाकून झाली की अकराला येते. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ."

"अगं, बहुतेक मळच साचला असेल. दोन थेंब तेल टाकलं तर—"

"धाकट्या, तिथे फक्त आजार सांगायचा. औषध सांगायचं नाही."

त्याने इंडिकेटर दिला, ताईकडे पाहिलं, आणि तिने मान हलवल्यावर गाडी रस्त्यावर घेतली.