एक इंचाचे भाऊ

“अजून मोठा कर ना गं,” वहिनी म्हणाल्या.

छापखान्याच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या तिने माउसचं चाक फिरवलं. पडद्यावरचा चेहरा वाढला आणि फाटला. नाकाच्या जागी तपकिरी चौकोन, डोळ्यांच्या जागी काळे.

“ताणला की असाच फाटणार, वहिनी. ठिपके आहेत तेवढेच आहेत.”

समोरचा फ्रेमवाला दोनदा डोकावून गेला होता. वहिनींना भिंतीवर लावायला भाऊंचा, त्यांच्या नवऱ्याचा, हातभर उंचीचा फोटो हवा होता. भाऊ या छापखान्यात जन्मभर मशीनवर होते आणि गेल्या महिन्यात गेले. गावभरच्या लोकांचे चेहरे त्यांनी छापले. स्वतः मात्र कॅमेरा दिसला की शाईचे हात दाखवून पळायचे. नवं मशीन आलं त्या दिवशी मालकांच्या मागे, अगदी कडेला, एकदाच सापडले.

तो फोटो तिनेच काढला होता, हवा तेवढा मोठा छापता येईल असा. वेबसाइटचं पान चटकन उघडावं म्हणून तिने तो लहान केला आणि घाईत त्याच नावाने सेव्ह केला. मोठा पुसला गेला. छापायची वेळच न आल्याने ते तिला आज सकाळी कळलं.

ती उठली. पाणी प्यायली. जुनी डिस्क पुन्हा लावली, पुन्हा काढली.

“त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये घाल की,” आतून मालक ओरडले. “चुटकीसरशी होतं!”

तिने घातला. चेहरा स्वच्छ उमटला. भाऊंच्या उजव्या भुवईतली खाच बुजली होती, ओठांत दातांची सरळ रांग.

“अगंबाई! किती छान,” वहिनी म्हणाल्या आणि पुढे झुकल्या. मग मागे सरल्या. “एवढे दात यांना जन्मात नव्हते गं. कोण हा?”

“कुणीच नाही. मशीनने अंदाजाने भरलाय.” तिने पडद्यावरची ती खिडकी बंद केली. “वहिनी, मोठा फोटो होता. माझ्याच हातून गेला.”

वहिनींनी पडद्यावर उरलेल्या लहान फोटोवर बोट ठेवलं.

“मग उरलेत तेवढे दे.”

“न फाटता एक इंच भरतील.”

“खाच येईल?”

“येईल.”

तिने इंचाला तीनशे ठिपके बसवले, छापला, कापला. मालक बाहेर आले. “हा भिंतीवर दिसणार तरी आहे का?”

वहिनींनी फोटो हात लांब करून धरला, काही दिसेना. मग चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ आणला, आणखी जवळ.

“हेच,” त्या म्हणाल्या.

चकचकीत कागदावर श्वासाची वाफ धरली. ती पुसायला तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.