गुडघाभर गवत

"जगात जे जे म्हणून टिकलं, ते ते जड होतं," काटेकाकांनी जाहीर केलं. "डोंगर घ्या, धरणं घ्या. हलकं ते उडून गेलं, जड ते इतिहासात राहिलं."

आणि इतिहासात राहायला निघालेलं कॉम्प्युटरचं एक लोखंडी कॅबिनेट त्यांनी रॅकवरून उचलून दुकानाच्या काउंटरवर ठेवलं. काउंटर काचेचा होता. काचेच्या एका कोपऱ्यातून एक तडा निघाला आणि कसलीही घाई न करता दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चालत गेला.

"काचेचे वेगळे पडतील, काका," दुकानवाल्या ताई म्हणाल्या.

ताईंचं दुकान कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं. गिऱ्हाइकानं भाग निवडायचे, ताईंनी ते जोडून द्यायचे. अंबाड्यात पेन्सिल खोचावी तसा त्यांच्या अंबाड्यात स्क्रू ड्रायव्हर असे, आणि गिऱ्हाईक फारच बोलायला लागलं की त्या तो नुसताच काढून टेबलावर ठेवत. आत्ता त्यांनी तो ठेवला.

"गेम खेळायला पाहिजे म्हणालात. कोण खेळणार? नातू?"

"बायको."

"कुठला गेम?"

"ते महत्त्वाचं नाही. गवत हललं पाहिजे."

ताईंनी आजवर गिऱ्हाइकांच्या पुष्कळ अटी ऐकल्या होत्या. आवाज नको, दिवे पाहिजेत, दिवे नकोत, नवऱ्याला खरी किंमत कळता कामा नये. पण गवताची अट नवी होती.

"बजेट किती?"

"एक गुडघा," काका म्हणाले.

ताईंनी स्क्रू ड्रायव्हर परत अंबाड्यात खोचला आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा. नीट सांगा."

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. शहराबाहेर ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा होता, त्यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. ट्रक भरलेला यायचा, जमिनीतल्या लोखंडी पाटावर उभा राहायचा, काका आकडा लिहायचे. तोच ट्रक रिकामा होऊन परत यायचा, काका पुन्हा आकडा लिहायचे आणि वजाबाकी करायचे. बाकी उरेल तो माल. या एका वजाबाकीवर त्यांचा संसार उभा राहिला, आणि सवय अशी जडली की हातात आलेली वस्तू ते आधी तोलत आणि मग बघत. मेहुणीला मुलगी झाली तेव्हा सगळे बाळाचं नाक कोणावर गेलंय ते बघत होते. काकांनी बाळ हातावर घेतलं, जरा वर-खाली केलं आणि समाधानानं मान डोलावली. नर्सनं ते काढून घेतलं.

काकूंना चालण्याचं वेड. रोज संध्याकाळी त्या गोदामांच्या मागून तळ्यापर्यंत जायच्या. तिकडे गुडघाभर गवत होतं. वारा आला की ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूस बदलायचं. काकू येऊन सांगायच्या, "आज गवत काय सुंदर हलत होतं! तुम्ही एकदा चला तरी."

"उद्या येतो," काका म्हणायचे. उद्या ट्रक असायचे.

निवृत्तीच्या दिवशी काकांनी चालायचे बूट घेतले. पांढरे, जड, उत्तम शिवणीचे. त्याच आठवड्यात काकूंचा गुडघाही निवृत्त झाला. डॉक्टर म्हणाले, बदलू. काकांनी पैसे बाजूला काढले. मग दुसरे डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलता येईल, पण या हृदयाला भूल सोसायची नाही. गुडघा तयार, पैसे तयार, आणि नेमकं हृदय आडवं आलं. बूट खोक्यात राहिले, पैसे बँकेत राहिले, आणि काकू खिडकीशी राहिल्या. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची.

अशात एका रविवारी भाचीनं, म्हणजे नाक कोणावर गेलं ते अजून न ठरलेल्या त्याच बाळानं, मावशीला उचलून आपल्या घरी नेलं. भाची ऑफिसातून आली की रात्रीपर्यंत गेम खेळायची. तिनं मावशीच्या हातात कंट्रोलर दिला. पडद्यावर एक धिप्पाड योद्धा उभा होता, पाठीवर दाराएवढी तलवार.

"मावशी, हा तू. समोरून राक्षस येईल, त्याला मारायचं."

"का?"

"का म्हणजे? तो राक्षस आहे."

"असू दे की त्याच्या घरी," काकू म्हणाल्या आणि योद्ध्याला वळवून कुरणात घेऊन गेल्या.

तिथे गवत होतं. गुडघाभर. वारा येत होता, आणि गवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूस बदलत होतं. काकू चालत राहिल्या. मागून राक्षस आला, त्यानं त्यांना ठार केलं. गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"म्हणजे परत सगळं चालायला मिळणार?" काकूंनी विचारलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की भाचीला पुढे काही शिकवणं जमेना.

त्या दिवसापासून काकू झोपेतसुद्धा पाय हलवू लागल्या. एकदा पहाटे काकांनी विचारलं, "दुखतंय का गं?"

"नाही हो," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. "तळं दिसायला लागलंय."

काकांनी त्याच दिवशी बँकेतून गुडघा काढला.

हे सगळं ऐकून ताईंनी कपाटातून एक खोकं काढलं. मग म्हणाल्या, "काका, गवत हलवतं ते ग्राफिक्स कार्ड. तुमच्या गुडघ्यातला अर्ध्याहून जास्त हिस्सा तिकडे जाऊ दे. बाकीचं आपण साधं घेऊ. प्रोसेसर बेताचा, कॅबिनेट पत्र्याचं."

त्यांनी कार्ड काकांच्या हातात दिलं. काकांनी ते तोललं. मग शेजारचं लोखंडी कॅबिनेट तोललं. मग पुन्हा कार्ड.

"याच्यात काहीच नाहीये," ते म्हणाले. "दोन पंखे आणि प्लॅस्टिक. एवढ्याचे एवढे?"

"वजनावर नसतं हो ते."

"ताई, मी आयुष्यभर वजनावर पोट भरलंय."

ताईंनी समजावून पाहिलं. काकांनी मान डोलावत सगळं ऐकलं आणि घ्यायचं तेच घेतलं. लोखंडी कॅबिनेट. दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा पॉवर सप्लाय. प्रोसेसर थंड ठेवायला तांब्याचा एक ठोकळा, तो त्यांना इतका आवडला की त्यांनी तो खिशात घालून पाहिला. या सगळ्यातून जे उरलं त्यात एक ग्राफिक्स कार्ड आलं, बिस्किटाच्या पुड्याएवढं. ताईंनी ते बसवताना कोणाचं तरी सांत्वन करावं तसं हळूच दाबलं.

भाचीनं येऊन गेम घातला, मशीन घरातल्या टीव्हीला जोडलं. कॅबिनेट टेबलावर ठेवलं तेव्हा टेबलानं आवाज केला आणि काकांच्या चेहऱ्यावर तेज आलं. काकूंनी पदरानं चष्मा पुसला. दार उघडून कुणीतरी आपल्यालाच न्यायला येणार असल्यासारख्या त्या बसल्या होत्या.

पडद्यावर कुरण आलं. गवताची पाती एकेक करून, हजेरी लावल्यासारखी, अडखळत हलली. योद्धा एक पाऊल टाकायचा आणि विचारात पडायचा.

"थांब, मी सेटिंग खाली करते," भाची म्हणाली. तिनं काहीतरी दाबलं. योद्धा सुरळीत चालू लागला. गवत मात्र नाहीसं झालं. क्षितिजापर्यंत तपकिरी जमीन.

भाचीनं काकांकडे पाहिलं. काकांनी कॅबिनेटकडे पाहिलं.

"कापणी झालेली दिसतेय," काकू म्हणाल्या. "बरंच झालं. पाऊलवाट स्पष्ट दिसते."

आणि त्या त्या उघड्या रानात चालल्या. पुढचे काही दिवस रोज चालल्या, नवऱ्यानं आणलेली साडी आवडली नाही तरी नेसावी तशा. काका विचारायचे, "कसं आहे?" काकू म्हणायच्या, "छान. मोकळं मोकळं." मग एका दुपारी काका बाजारातून आले तर टीव्ही चालू होता, योद्धा उघड्या रानात एकटाच उभा होता, आणि काकू खुर्ची वळवून खिडकीतून पाण्याची टाकी बघत होत्या. कंट्रोलर मांडीवर पालथा.

काका दारातच थांबले. हातातली पिशवी त्यांनी नेहमीप्रमाणे जरा वर-खाली केली. भाजी किती आणि पिशवी किती, हा हिशेब हातानं आपोआप केला. आणि तिथेच ते उभ्या उभ्या चरकले.

दुसऱ्या दिवशी दुकानात ताईंनी पाहिलं तो काका कॅबिनेट कवेत घेऊन पायऱ्या चढत होते. या खेपेला ते त्यांनी जमिनीवर ठेवलं.

"ताई, मोठी चूक झाली. वजा करायचं राहिलं."

"काय वजा करायचं?"

"गाडी. भरल्या ट्रकमधनं रिकामा ट्रक वजा करायचा असतो. ते जन्मभर केलं, दुसऱ्यांसाठी. घरच्या वेळेला गाडीच तोलून आणली. मालाचं बघितलंच नाही."

ताई हसल्या नाहीत. "वापरलेलं परत घेत नाही मी. पाटी वाचलीत ना?"

"वाचली."

"या कॅबिनेटला गिऱ्हाईक मिळायला वर्ष जाईल. हे कोण उचलणार?"

"मी उचललंच की," काका म्हणाले. ते अजून धापा टाकत होते.

ताईंनी स्क्रू ड्रायव्हर काढला. बोलणं थांबवायला नव्हे. त्यांनी कॅबिनेट घेतलं, पॉवर सप्लाय बदलून हलका दिला, तांब्याचा ठोकळा परत घेताना काकांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. बिस्किटाचा पुडाही घेतला. आणि ते दोन पंख्यांचं कार्ड काढलं. "आता कॅबिनेटला पैसे उरत नाहीत. साधं पत्र्याचंसुद्धा नाही."

"मग?"

दुकानामागे प्लायवूडची एक फळी पडली होती. ताईंनी तिच्यावर मदरबोर्ड स्क्रूनं बसवला, पॉवर सप्लाय बांधला, कार्डाला टेकू म्हणून लाकडाचा तुकडा लावला. "हे असं उघडं राहणार. धूळ बसू द्यायची नाही, पाणी लागू द्यायचं नाही. नाजूक आहे हं, काका."

काकांनी फळी दोन्ही हातांवर घेतली. सवयीनं वर-खाली करणार होते, पण केली नाही. तशीच सपाट धरून, रस्त्यावरच्या लोकांना "जरा, जरा" म्हणत, घरापर्यंत नेली.

संध्याकाळी भाची आली, तिनं तारा जोडल्या आणि मशीन सुरू केलं. फळीवरचे पंखे फिरायला लागले. पडद्यावर आधी आभाळ आलं, मग डोंगराची कड, आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गवत. ते हलत होतं. एकेक पातं नव्हे, सगळं मिळून, झोपेत कुणीतरी लांब श्वास घ्यावा तसं. ऊन कलतं होतं. वाऱ्याची एक रेघ कुरणाच्या पलीकडून निघाली आणि योद्ध्याच्या गुडघ्यापर्यंत येऊन विरली.

काकूंनी कंट्रोलर उचलला. योद्धा चालू लागला, दाराएवढी तलवार पाठीवर, आणि चाल मात्र हुबेहूब काकूंची, जरा डावीकडे झुकत, मधेच थांबत. खुर्चीखाली काकूंचे पाय जागच्या जागी हलत होते. भाची चपला हातात घेऊन, दार न वाजवता निघून गेली.

काका फळीशेजारी बसले होते, हातात जुना रुमाल, धूळ बसलीच तर पुसायला. पंख्यांचा कोमट वारा त्यांच्या चेहऱ्यावर येत होता. पडद्यावर गवत वाकायचं आणि इकडे त्यांचे पांढरे केस हलायचे.

थोड्या वेळानं ते उठले. कपाटाच्या वरच्या खणातून खोकं काढलं. बूट अजून कोरे होते. त्यांनी पलंगावर बसून ते पायात घातले, नाड्या नीट बांधल्या, आणि येऊन काकूंच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "मी पण येऊ का?"

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. तळं दिसायला लागलं होतं.

"या की," त्या म्हणाल्या. "पण येताना तेवढा दुधाखालचा गॅस बंद करून या."