निकासिओने न घेतलेलं नाव

आमच्या बेटावरच्या मेरेंगे नाचाच्या गाण्यात मध्येच एक जागा येते. अकॉर्डियनचा आवाज हलका होतो आणि गायक एकेका पाहुण्याचं नाव घेऊन त्याला सलाम करतो. आमच्या मोका गावात ज्याचं नाव राहतं, तो घरी जाऊन जेवण वाईट होतं म्हणून सांगतो.

आमचा गायक निकासिओ, त्याचं अकॉर्डियन आणि माझी गुइरा, म्हणजे खरवडून वाजवायची पत्र्याची नळी, एकाच जीपमधून फिरत म्हातारी झाली. तरुणपणी त्याने पातेल्याच्या तळाला लागलेल्या भाताच्या खरपुडीवर गाणं रचलं. गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या दॉन एर्मिनिओंनी, दॉन म्हणजे आमच्याकडे शेठ, त्याची तबकडी काढली आणि रचनाकार म्हणून स्वतःचं नाव छापलं. पुढे न्यूयॉर्कच्या पोरांनी तेच गाणं साल्सा नाचाच्या ठेक्यावर गाजवलं. दॉन तिकडे जाऊन बक्षीस घेऊन आले. आम्ही कोंबड्यांच्या झुंजींत वाजवत राहिलो.

गेल्या रविवारी दुपारी दॉनची पंचाहत्तरी होती. त्यांच्या मुलाने, रेन्सोने, आम्हालाच बोलावलं. म्हणाला, पपांचं खरपुडीचं गाणं वाजवा.

"मनापासून वाजवू," निकासिओ म्हणाला.

नावांची जागा आली. निकासिओने दॉनच्या बायकोला सलाम केला, मुलांना केला, आचारणीला केला, जनरेटरला केला. मग पातेल्यातल्या बोकडाला केला, त्याचं नाव विचारून घेऊन.

रेन्सो कानाशी आला. "काका, पपांचं राहिलं."

"राहिलं नाही बाळा. ठेवलंय."

शेवटी दॉन स्वतः रमचा पेला घेऊन आले. "अरे निकासिओ, माझ्याच अंगणात माझं नाव नाही?"

"घेतो की. आधी तुम्ही माझं घ्या. गाणं कुणाचं, ते सांगा." त्याने माइक पुढे केला.

"वादकांचे आभार," दॉन माइकमध्ये म्हणाले.

निकासिओने मान डोलावली आणि शेजारच्या पोपटाला सलाम केला. गाणं काही संपेना. लोक नाचत होते आणि दॉनकडे बघत होते. माझं मनगट भरून आलं, पण असं दुखणं रोज मिळत नाही.

दॉननी पेला खाली ठेवला. "खरपुडी याची आहे," ते हळूच म्हणाले. "निकासिओची. मी नुसतं नाव लावलं."

आधी आचारणीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. निकासिओने डोळे मिटून शेवटचा सूर लांबवला आणि अकॉर्डियन मिटलं.

"आता माझं," दॉन म्हणाले.

"गाणं संपलं की हो."

"मग पुढच्यात घे."

"पुढचं बोलेरो आहे, दॉन. असल्या संथ प्रेमगाण्यात नावं घेत नाहीत."

अंधार पडेपर्यंत आम्ही बोलेरोच वाजवले.